जुन्या डिझेल एसयूव्हीचं कूलंट घरी बदलताना: आधी तपास, मग पाना

उन्हाळा लागला की ओळखीपाळखीतून एकच तक्रार येते. "गाडी घाटात गरम होते. कूलंट बदललं, तरी होते." गाडी सफारी, स्कॉर्पिओ, सुमो, क्वालिस यांपैकी कुठली तरी, दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त वापरलेली. काय काय केलं म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं: रेडिएटरची तोटी सोडली, आलं ते पाणी काढलं, वरून हिरवं कूलंट ओतलं, झाकण लावलं, झालं.

एवढ्या कामात तीन गोष्टी राहून जातात. गाडी मुळात का तापते हे कुणी पाहिलेलं नसतं. इंजिनच्या ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच आत असतं. आणि सिस्टिममध्ये अडकलेली हवा, जिला गॅरेजमध्ये 'एअर पकडली' म्हणतात, ती काढलेली नसते. तिसरी चूक मी स्वतः केली आहे. माझ्या २००८ च्या सफारीचं कूलंट मी घरी बदललं आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला, म्हणून हीटर पूर्ण गरमवर टाकला, तर आतून थंड हवा आली. इंजिन उकळत होतं आणि हीटर थंड होता, म्हणजे गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नव्हतं. मध्ये हवेचा बुडबुडा बसला होता. वेळेवर बाजूला घेतली म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, वाचलं.

खाली दिलेला क्रम बदलू नका. पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट मिसळलेलं पाणी, किती लिटर बसतं आणि बोल्ट किती घट्ट करायचे हे आकडे आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून आधी काढून ठेवा. या वर्गातल्या गाड्यांत साधारण ८ ते १२ लिटर बसतं. मागचा हीटर असेल तर जास्त.

वेळ आणि तयारी

हे काम शनिवारी सकाळी सुरू करा आणि रविवारी सकाळी संपेल असं धरा. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली हवी. घाईत उरकून त्याच संध्याकाळी गावाला निघायचं असेल तर कामाला हातच घालू नका.

लागणारं सामान: मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट, आणि ते 'कॉन्सन्ट्रेट', म्हणजे पाणी न मिसळलेलं. २५ ते ३० लिटर डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर, बॅटरीवाल्याकडे कॅनमध्ये मिळतं ते. नवीन थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) आणि त्याचं गॅस्केट किंवा ओ-रिंग. रेडिएटरचं नवीन झाकण. होजसाठी (पाण्याच्या रबरी नळ्यांसाठी) चार-सहा नवीन क्लिपा. पसरट घमेलं किंवा टब, लिटरच्या खुणा असलेली बादली, उंच गळ्याचं नरसाळं, हातमोजे, चष्मा. चाकांना लावायला लाकडी ओट किंवा दगड. गाडी उचलणार असाल तर चांगल्या घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड).

कॉन्सन्ट्रेटच का, हे सहाव्या टप्प्यात हिशेबासकट येईल. बाजारात तयार मिसळलेलं जास्त मिळतं, दुकानदार तेच पुढे करतो. डब्यावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीमिक्स' लिहिलं असेल तर या कामासाठी ते घेऊ नका.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हा कंपनीने घातलेला रंग आहे, तो रसायनाचा प्रकार सांगत नाही. जुन्या पद्धतीचं कूलंट आणि नवं ऑर्गॅनिक अॅसिडवालं कूलंट एकत्र आलं की गंजरोधक घटक एकमेकांना निकामी करू शकतात, आणि काही मिश्रणांत गाळ किंवा जेली धरते. आत नक्की काय आहे हे माहीत नसेल तर वरून भर घालू नका, सगळं काढून धुवा.

टप्पा १. गाडी का तापते ते आधी शोधा

हा टप्पा लोक गाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलेल्या इंजिनात कितीही महागडं कूलंट ओता, आठवड्यात परत तेच. म्हणून पाना उचलण्याआधी, इंजिन थंड असताना, या गोष्टी एकेक करून पाहा.

झाकण उघडून पातळी पाहा. पाणी तपकिरी असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा तपकिरी-पिवळसर लोण्यासारखा थर असेल तर थांबा. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलची काडी काढून बघा. तिच्यावरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

झाकण काढलेलं असतानाच इंजिन चालू करा आणि दोनेक मिनिटं पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला एखाद-दोन बुडबुडे येऊन थांबले तर हरकत नाही. बुडबुडे सारखे येत राहिले, सोडा उघडल्यासारखे, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. दुसरी खूण: रात्रभर उभी गाडी झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा जाड होज दगडासारखा टणक झाला, तर कारण तेच. पाणी एवढ्यात तापलेलं नसतं, मग दाब कुठून आला?

पाणी कमी होतं, पण गाडीखाली थेंब नाही आणि ऑइलही स्वच्छ आहे, असंही होतं. ज्या डिझेल इंजिनात ईजीआर कूलर (परत इंजिनात जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग) आहे तिथे तो आतून फुटला की पाणी सायलेन्सरवाटे वाफ होऊन जातं. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर त्याची तपासणी करून घ्या.

मग वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून ओघळलेला पांढरा किंवा हिरवट डाग दिसला तर आतलं सील गेलं आहे. पट्टा काढून पुली हाताने हलवा. खुळखुळली तर बॉडी बदलायची. ज्या इंजिनात वॉटर बॉडी टायमिंगच्या पट्ट्यावर चालते, तिथे हे काम घरी करू नका.

इंजिनच्या तोंडावर बसवलेला मोठा पंखा असेल, तर त्याच्या मधोमध सिलिकॉन ऑइलचा क्लच असतो. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने जोरात फिरवा. त्याला थोडा अडसर जाणवला पाहिजे. भिंगरीसारखा फिरतच राहिला, किंवा क्लचवर काळा तेलकट ओघळ दिसला, तर पंखा हवा ओढत नाहीये. हायवेवर ८० च्या वेगात काटा मध्यावर आणि सिग्नलला किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढावर लगेच वर, ही त्या क्लचची ओळख. उलट, वेगात असतानाच तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबल्याचा संशय जास्त.

सावधान: विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो. हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. ओढणी, सैल बाही, बांगड्या, अंगठी पट्ट्याजवळ नको.

शेवटी सगळे होज दाबून पाहा. चांगला होज दाबला की परत फुगतो. दाबल्यावर आत कुरकुर आवाज आला, टोकाशी चिरा दिसल्या किंवा तेलाने मऊ पडून फुगला असेल तर तो यादीत लिहा. हीटरकडे जाणारे बारीक होज इंजिनच्या मागच्या बाजूला, हात न पोचणाऱ्या जागी असतात. प्रवासात फुटतात ते बहुधा तेच, कारण तिकडे कुणी बघत नाही.

तपासा: सतत बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, वॉटर बॉडी कोरडी आहे, पंख्याला अडसर आहे. चारही ठीक असतील तरच पुढे जा.

टप्पा २. बाहेरून सफाई

आतून पाणी बदलायच्या आधी बाहेरून वारा लागतो का ते पाहा. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे असतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांचा कचरा साठतो. विजेरी लावून वरून डोकावलं की दिसतं: धूळ, किडे, उसाच्या पट्ट्यात पाचटाचा भुसा, विदर्भात कापसाचे तंतू. ओल्या धुळीत हे सगळं मिसळून नमद्यासारखा थर होतो आणि रेडिएटरचा खालचा तिसरा भाग पार बुजतो.

शक्य असेल तर वरचे दोन बोल्ट सोडून रेडिएटर थोडा मागे कलवा आणि साध्या नळीच्या पाण्याने इंजिनच्या बाजूकडून पुढच्या बाजूला धुवा. कचरा ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने बाहेर आला पाहिजे. मऊ ब्रश वापरा, पात्यांच्या उभ्या दिशेनेच फिरवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर ॲल्युमिनियमची पाती आडवी होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

इथेच मॉडिफिकेशनबद्दल स्पष्ट सांगतो. समोर मोठा गार्ड, त्यावर चार जादा दिवे, जाळीवर बारीक मच्छरजाळी, असं करून मग गाडी तापते म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिव्यांच्या मागे वारा पोचत नाही. गार्डचं तर कायद्यातही बसत नाही: २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड आणि बुल बार बसवणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. काढून ठेवा. रेडिएटरच्या भोवतीचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या मात्र काढू नका. एखादा अपघात दुरुस्त करताना गॅरेजवाल्यांनी त्या परत लावलेल्या नसतील तर शोधून लावा. श्राउड नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढायचं सोडून आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

टप्पा ३. जुनं पाणी काढा आणि मोजा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ओट. खाली जागा पुरत नसेल तर पुढून उचलून घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

हीटरचा तापमानाचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. काही गाड्यांत त्याने हीटरची झडप उघडते आणि तिथलं पाणीही निघतं. मग झाकण काढा आणि रेडिएटरची खालची तोटी सोडा. प्लास्टिकची तोटी जुनी होऊन ठिसूळ झालेली असते. ती अडली तर जोर लावू नका, सरळ खालचा जाड होज काढा. होज चिकटला असेल तर पिळून सुटा करा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड चिरतं आणि हजारोंचा खर्च येतो. बदलणारच असाल तर होज ब्लेडने उभा चिरून काढा.

ब्लॉकला ड्रेन बोल्ट असेल आणि तिथे पाना पोचत असेल तर तोही सोडा. बऱ्याच जुन्या इंजिनांत तो गंजून बसलेला असतो. मोडण्याची भीती वाटली तर राहू द्या, धुण्याने भागेल.

निघालेलं सगळं पाणी खुणा असलेल्या बादलीत मोजा आणि आकडा कागदावर लिहा. धुतल्यावर शेवटचं पाणी काढाल तेही असंच मोजा, सहाव्या टप्प्यातला हिशेब त्या आकड्यावर चालतो.

सावधान: कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. घमेलं क्षणभरही उघडं सोडू नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुनं कूलंट गटारात, शेतात, विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा, आणि जुनं ऑइल-कूलंट जमा करणाऱ्या वर्कशॉपला द्या.

टप्पा ४. थर्मोस्टॅट आणि झाकण

"थर्मोस्टॅट काढून टाका साहेब, गाडी गारच राहील." हा सल्ला महाराष्ट्रातल्या प्रत्येक हायवेवर मिळतो. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेहमीच्या तापमानाला यायला खूप वेळ लागतो, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामं असतात: उघडताना तो रेडिएटरकडची वाट मोकळी करतो आणि बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत इंजिनात जातं. थंड ठेवायला म्हणून काढलेला थर्मोस्टॅट घाटात गाडी तापवतो तो असा.

नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून घ्या, नवाही खराब निघतो. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास, समजा ८२ किंवा ८८, तो उघडायला लागला पाहिजे. पूर्ण उघडायला आणखी १० ते १५ अंश लागतात. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात अर्धाच उघडलेला दिसेल. तो खराब समजून परत करायला जाऊ नका. गार झाल्यावर पूर्ण बंद होतो का, एवढंही पाहा.

बसवताना त्याच्या कडेला एक बारीक भोक किंवा हलती पिन असते, ती सर्वांत वर आली पाहिजे. हवा तिथूनच निसटते. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून स्वच्छ करा. ओ-रिंग असेल तिथे सिलिकॉन पेस्ट लावूच नका. कागदी गॅस्केटला सांगितली असेल तर बोटाने पातळ थर पुरे. जाड थर आत दाबला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातात. आधी सगळे हाताने बसवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. साध्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही.

झाकण लहानसं दिसतं म्हणून ते विसरलं जातं. पण सिस्टिममधला दाब तेच धरतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने एक बारपर्यंत दाब धरला तर तेच जवळजवळ १२८ अंशांपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी ९६ अंशांच्या आतबाहेर उकळतं, म्हणजे तिकडे जाणारा आंबेनळी घाट चढताना गळक्या झाकणाची गाडी पुण्यापेक्षाही आधी उकळणार. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. जुन्यावर असेल तोच नव्यावर हवा. जास्त दाबाचं झाकण लावून गाडी गार राहत नाही, जुने होज आणि हीटर कोअर फुटतात.

टप्पा ५. धुणं

खालची तोटी बंद करा, डीएम वॉटर भरा, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत फिरवा. वरचा होज एकदम गरम झाला की उघडला. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, काढा. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा.

गार होऊ द्या हे मी सहज म्हणत नाही. गरम ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. प्रत्येक फेरीत दीड-दोन तास जातात, म्हणून शनिवारचा दिवस.

बोअरचं पाणी वापरू नका, शेवटच्या फेरीत तर नाहीच. आपल्याकडच्या खडकातल्या पाण्यात क्षार भरपूर असतात. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या आत सर्वांत गरम जागी, सिलिंडर हेडभोवती बसतो आणि उष्णता अडवतो. धुण्याचा सोडा, कॉस्टिक किंवा बाथरूमचं अॅसिड घालून रेडिएटर साफ करण्याची जुनी पद्धत तांबं-पितळेच्या रेडिएटरसाठी होती. ॲल्युमिनियमला सोडा खातो. रेडिएटर खरंच तुंबला असेल तर तो बदला.

टप्पा ६. भरण्याचा हिशेब

बहुतेकांची चूक इथे होते.

समजा तुमच्या गाडीत १० लिटर बसतं. धुतल्यावर शेवटचं पाणी काढलं ते ६ लिटर भरलं. मग उरलेलं ४ लिटर कुठे आहे? ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये, साधं पाणी म्हणून. आता वरून तुम्ही निम्मं-निम्मं मिसळलेलं तयार कूलंट ६ लिटर ओतलंत, तर खरं कूलंट आत गेलं फक्त ३ लिटर. १० लिटरमध्ये ३ म्हणजे ३० टक्के. डब्यावर ५० टक्के लिहिलंय, गाडीत ३० टक्के आहे, आणि गंजरोधकही तेवढंच कमी.

योग्य पद्धत: १० लिटरच्या निम्मे, म्हणजे ५ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता. मग १ लिटर डीएम वॉटर. आतले ४ धरून पाणीही ५ लिटर झालं. म्हणून कॉन्सन्ट्रेट आणायचं, आणि म्हणून बादलीत मोजायचं.

निम्म्यापेक्षा जास्त कूलंट घातलं तर आणखी चांगलं, असं नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलेली गाडी जास्त तापते. हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ अंशांलाच गोठतं, निम्मं-निम्मं मिश्रण मात्र उणे ३७ पर्यंत टिकतं.

होज परत लावताना क्लिप टोकापासून थोडी आत, तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे बसली पाहिजे. उंचवट्यावरच आवळलेली क्लिप दाब आला की घसरते.

टप्पा ७. एअर काढणं

गाडीचं तोंड वर करा: उताराच्या रस्त्यावर चढाकडे तोंड करून उभी करा, किंवा पुढची चाकं रॅम्पवर घ्या. पाणी ओतण्याची जागा संपूर्ण सिस्टिममध्ये सर्वांत उंच असली पाहिजे, म्हणजे हवा आपोआप तिकडे येते. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद, एसी बंद. बॅटरीची वायर परत लावली का?

हळू ओता. घाईने ओतलं की पाणीच हवेला खाली कोंडतं. मध्ये मध्ये वरचा आणि खालचा होज हाताने दाबून सोडा; गुडगुड आवाज करत बुडबुडे वर येतील. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा होजवर हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि तिथून बुडबुडा न येता सलग धार लागली की बंद करा.

झाकण रेडिएटरवरच असलेल्या गाडीत झाकण न लावता इंजिन चालू करा. दाबाची प्लास्टिकची बाटली असलेल्या गाडीत, जिथे झाकण बाटलीलाच असतं, तिथे मॅन्युअल काय म्हणतं ते पाहा. काहींना झाकण लावून फिरवायचं असतं. दहा-पंधरा मिनिटांत वरचा होज तापेल आणि पातळी एकदम खाली जाईल. घाबरू नका, थर्मोस्टॅट उघडला आणि हवेची जागा पाण्याने घेतली. भर घाला. मग इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर मिनिटभर धरा, सोडा, पुन्हा धरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.

सावधान: या वेळी पाणी उसळून येऊ शकतं. चेहरा नरसाळ्यावर धरू नका, चष्मा काढू नका. काटा मध्याच्या वर जायला लागला तर इंजिन बंद करा आणि तासाभराने पुन्हा सुरुवात करा.

तपासा: हीटरमधून कडकडीत गरम हवा येते. खालचा होजही गरम झाला आहे. डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखा खळखळाट नाही. वरचा होज चटका देणारा आणि खालचा थंड असेल, किंवा हीटर थंड असेल, तर हवा अजून आत आहे.

टप्पा ८. रात्रभर, आणि मग रस्ता

गाडी झाकण लावून रात्रभर राहू द्या. रविवारी सकाळी पातळी थोडी उतरलेली असतेच, भर घाला. क्लिपा पुन्हा एकदा आवळा. नवं रबर गरम होऊन बसतं आणि क्लिप सैल पडते. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा रात्री गाडीखाली ठेवला असेल तर थेंब कुठे पडला ते नेमकं कळतं.

पहिली फेरी घराभोवती १० किलोमीटर. मग एसी लावून अर्धा तास, मग छोटा चढ. डॅशबोर्डवरच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका: अनेक गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात मध्यावर स्थिर राहावा असाच बनवलेला असतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या गाडीत ओबीडी सॉकेटवरून (इंजिनची माहिती वाचायच्या सॉकेटवरून) तापमान वाचता येतं तिथे छोटा स्कॅनर लावा. नाहीतर वरच्या होजमध्ये टी-जोड टाकून वेगळा मीटर बसवा. जुन्या एसयूव्हीत करण्याजोगं हे एक मॉडिफिकेशन मला खरंच मोलाचं वाटतं.

चढावर आकडा वाढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, खालचा गिअर, घाई नाही. तरीही वाढला तर बाजूला घ्या, आणि पाणी गळत नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवा. पंखा आणि पंप फिरत राहतात, टर्बोही निवतो. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नका, ओल्या फडक्यानेसुद्धा नाही. इंजिनवर बाटलीतलं पाणी मारू नका.

पुढचे सात दिवस रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, पातळी पाहा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बोटभर उतरली तर ती राहिलेली हवा होती. चौथ्या दिवसानंतरही उतरत असेल तर पहिल्या टप्प्यावर परत या, आणि या वेळी विजेरी घेऊन मागचे हीटरचे होज आधी बघा.